पानं काय बघायची?

एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देते.

"ताई, मी तासगावची, वय ५८. माझ्या वडिलांचा एसटी स्टँडबाहेर चहाचा गाडा होता. लहानपणी पहाटे त्यांच्याबरोबर जायची, कपबशा विसळायची. चहाची पावडर यायची त्या पोत्यावर हिरव्या डोंगराचं चित्र असायचं. हा डोंगर कुठं आहे, असं मी विचारायची. वडील म्हणायचे, लांब, खाली दक्षिणेत. त्यांनी तो कधी पाहिला नाही. येत्या जानेवारीत आम्ही घरचे सगळे केरळला चाललोय. मुन्नारला एक पूर्ण दिवस मोकळा आहे. तो दिवस मला चहाच्या मळ्यांतून पायी फिरायचंय. घरात सगळे म्हणतात, पानं काय बघायची? गाडीतून दिसतातच की. मुलगा म्हणतो, तुझा गुडघा दुखतो, शिवाय तिकडं हत्ती येतात. सून म्हणाली, मी येते आईंबरोबर. त्यावर मुलगा म्हणाला, मग पोराला कोण बघणार? यजमान गप्प. मी हट्ट करतेय का? जायचंच झालं तर कसं जायचं, परवानगी लागते का? आणि वडिलांच्या नावानं तिथं काही करावंसं वाटतं, ते काय करू?"

ताई, हा हट्ट आहे आणि तो तुम्ही जरूर करा. चार-पाच दिवसांच्या सहलीत एक दिवस तुम्ही मागताय, तोही पन्नास वर्षं मनात ठेवलेला. तुम्ही घरच्यांची परवानगी मागितलीत, तिथंच बोलणं अडलं. आता त्यांना फक्त सांगा. जेवणं झाल्यावर सगळे बसलेले असताना म्हणा, "मुन्नारच्या मोकळ्या दिवशी सकाळी मी आणि सूनबाई चालायला जाणार आहोत, दुपारी दोनला परत येऊ." पोराला कोण बघणार याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. त्याचा बाप आहे, आजोबा आहेत. त्या दोघांनी नातवाला घेऊन माट्टुपेट्टीच्या धरणावर जावं, बोटीत बसावं. सून आपणहून येते म्हणाली आहे, तिला अर्ध्या दिवसाची मोकळीक मिळू द्या. यजमान गप्प आहेत म्हणजे विरोधात आहेत असं धरून चालू नका. कदाचित गाडा त्यांनीही पाहिला असेल, तुमच्या वडिलांच्या हातचा चहा प्यायला असेल. एकदा विचारून बघा.

आता मुलाच्या काळजीकडे येते, कारण तो जे म्हणतोय ते खरं आहे. मुन्नारच्या मळ्यांत जंगली हत्ती खरोखर येतात. तिथल्या एका सुळेवाल्या हत्तीला लोकांनी पडयप्पा असं नावच दिलंय, आणि तो रस्त्यावर आला की गाड्या थांबून राहतात. हत्ती बहुतेक अंधारात आणि झुंजुमुंजु वेळेला फिरतात, म्हणून सूर्य चांगला वर आल्याशिवाय निघायचं नाही आणि संध्याकाळी चालायचं नाही. बरोबर स्थानिक वाटाड्या हवाच. तो म्हणाला "इथून मागं फिरू" तर का म्हणून न विचारता मागं फिरायचं. वाटाड्याचा फोन नंबर आणि परतायची वेळ मुलाकडे लिहून ठेवा. त्याची निम्मी भीती तिथंच जाईल.

गुडघ्याचं म्हणाल तर चढापेक्षा उताराला जपा. मळ्यातल्या पायवाटा कामासाठी पाडलेल्या असतात, टेकडीच्या अंगानं आडव्या जातात आणि मध्येच एकदम सरळ खाली उतरतात. सकाळी दवानं माती निसरडी असते. हातात काठी घ्या, बुटाच्या तळाला खाचा असू द्या, आणि वाटाड्याला आदल्या दिवशीच सांगा की पाच-सहा किलोमीटरच चालायचंय, चार तास लागले तरी चालतील, उतार बेताचा हवा. उंचीची चिंता करू नका. मुन्नार गाव समुद्रसपाटीपासून साधारण पंधराशे-सोळाशे मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास, आणि वरचे मळे कळसूबाईच्याही वर जातात. एवढ्या उंचीवर दम लागतो, पण उंचीचा म्हणून त्रास होत नाही. त्रास होतो तो घाटाचा. कोचीहून सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर वळणावळणाचा रस्ता आहे, चार-साडेचार तास जातात. त्या दिवशी संध्याकाळी कुठं फिरू नका, लवकर झोपा.

जानेवारी चांगला निवडलाय. पाऊस नाही, त्यामुळे जळवा नाहीत, आकाश स्वच्छ. थंडी मात्र तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त असते. काही वर्षी तिथल्या खोलगट भागात पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं होतं आणि चहाची पानं भाजल्यासारखी करपतात. दहा वाजेपर्यंत अंगातला स्वेटर काढावा लागेल इतकं ऊन होतं, म्हणून एकावर एक असे कपडे घाला. एक गोष्ट बायकांना कुणी आधी सांगत नाही, ती सांगून ठेवते. मळ्यात स्वच्छतागृह नसतं. वाटेत कुठं सोय आहे ते निघायच्या आधी वाटाड्याला स्पष्ट विचारा, लाजू नका. ही सोय नाही म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि मग उन्हात डोकं धरून बसतात.

परवानगीचं तुम्ही विचारलंत हे मला फार आवडलं, कारण बहुतेक जण विचारत नाहीत. मुन्नारच्या टेकड्या उघड्या दिसतात, कुंपण कमी, म्हणून लोकांना वाटतं की ही सगळी बागच आहे, फिरा कुठंही. तो खासगी मळा असतो. सार्वजनिक रस्त्यानं कुणीही जावं, पण आतल्या वाटांवर जायचं तर मळ्याची संमती असलेला वाटाड्या लागतो. तुम्ही तासगावच्या, तुम्हाला मी वेगळं काय सांगू? तुमच्याकडे द्राक्षबागेत कुणी न विचारता शिरलं, ओळीत उभं राहून फोटो काढायला लागलं, तर बागवान काय म्हणेल? औषध मारलंय का, घड कुठल्या अवस्थेत आहे, याची त्या पाहुण्याला कल्पनाही नसते.

हे मी अनुभवानं सांगतेय. पहिल्यांदा मुन्नारला गेले तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी फोटोसाठी झुडपांमध्ये शिरले. वरून एक बाई हात हलवून ओरडत होती. मला वाटलं ती हसून बोलावतेय, म्हणून मी आणखी आत गेले. त्या भागात सकाळीच फवारणी झाली होती. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरत होते, हातावर पुरळ आलं. त्या बाईला आपलं काम सोडून खाली यावं लागलं, मला बाहेर काढायला. तिचा वेळ मोडला याचं मला अजून वाईट वाटतं. तिथं काम वजनावर मोजलं जातं.

त्याच सहलीत आम्ही "मळ्यातली पदयात्रा" म्हणून पैसे भरले होते. प्रत्यक्षात जीपमध्ये बसवून तीन ठिकाणी उतरवलं, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. म्हणून ठरवताना विचारा, पायी किती तास आणि गाडीत किती तास? मळ्याची परवानगी आहे का? फॅक्टरी बघता येईल का? उत्तर गोलगोल आलं तर दुसरा वाटाड्या बघा. आणि कुणी पहाटे चारला उठवून कोलुक्कुमलैचा सूर्योदय दाखवतो म्हणाला तर तुम्ही नको म्हणा. जागा सुंदर आहे, पण सूर्यनेल्ली गावापासून वर जाणारा जीपचा रस्ता दगडधोंड्यांचा आहे, आणि ज्यांची कंबर-गुडघे दुखतात त्यांचा बाकीचा दिवस त्यात जातो.

चालायला लागल्यावर काय बघायचं, हा घरच्यांचा प्रश्न आहे ना? मग नीट सांगते.

लांबून चहाचा मळा एकसारखा दिसतो, गालिचा टाकल्यासारखा. जवळ गेलात की पहिल्यांदा वाका. झुडपाच्या वरच्या सपाट हिरव्या थराखाली बघा. तिथं अंधार असतो, आणि त्या अंधारात मनगटाएवढी जाड, पिळवटलेली, दगडफुलाचे पांढुरके डाग पडलेली खोडं असतात. चहाला मोकळं सोडलं तर तो झाड होतो. दर चार-पाच वर्षांनी छाटून छाटून त्याला कमरेएवढा ठेवलेला असतो. मुन्नारच्या मळ्यांत शंभरी गाठलेली झुडपंही आहेत. नुकती छाटणी झालेला भाग दिसला तर तिथं जरा थांबा. पान एकही नाही, नुसते बोडके सांगाडे. तुम्हाला एप्रिल छाटणीनंतरची द्राक्षबाग आठवेल आणि काय चाललंय ते कुणी न सांगता कळेल.

मग वरचा थर बघा. खालची पानं गडद, जाड, चामड्यासारखी. त्यांच्यावर पोपटी, लवलवती, बोटानं सहज मोडेल अशी पाती, दोन पानं आणि मधला मिटलेला कोंब. तेवढंच खुडतात. मळ्यातल्या बहुतेक बायका तमिळ बोलतात, त्या याला कोळुंदु म्हणतात. एकदा खुडलं की दहा-बारा दिवसांनी त्याच झुडपाला पुन्हा फूट येते आणि टोळी परत त्याच ओळीत. असं वर्षभर चालतं, थंडीत फूट कमी असते एवढंच. वाटाड्यानं मळ्यातल्या लोकांना विचारून एक पाती हातात दिली तर चुरगाळून वास घ्या. चहासारखा मुळीच येत नाही, ओल्या गवतासारखा येतो. तुमच्या वडिलांच्या पातेल्यातला वास त्यात नंतर कसा येतो, ते फॅक्टरीत कळतं.

सकाळी टोळी कामाला लागलेली दिसेल. बायकांनी कमरेला प्लॅस्टिकचं किंवा ताडपत्रीचं कापड घट्ट गुंडाळलेलं असतं, कारण दवानं भिजलेल्या फांद्या पोटाला आणि मांड्यांना घासत राहतात. डोक्यावर फडकं, पायात रबरी बूट. बोटांच्या पेरांना चीक लागून काळे डाग पडलेले, ते धुऊन जात नाहीत. बऱ्याच ठिकाणी आता हातकात्रीनं कापणी होते, कात्रीला पेटी लावलेली असते, त्यामुळे काम भराभर होतं आणि खांदे जास्त दुखतात. रस्त्याच्या कडेला पानाचं वजन होतं. तिथं उभं राहायला मिळालं तर उभ्या राहा. काट्यावर सगळ्यांची नजर असते.

त्यांच्याशी बोलावंसं वाटेल. तुमच्याकडे एक शब्द घरचाच आहे, अक्का. सांगली-कोल्हापूरकडे आपण थोरल्या बहिणीला म्हणतो तोच, तमिळमध्येही त्याच अर्थाचा. "वणक्कम, अक्का" म्हणा आणि थांबा. त्या बोलल्या तर बोला. फोटो हवा असेल तर कॅमेरा दाखवून खुणेनं विचारा, मान हलली नाही तर फोन पिशवीत ठेवा. टोपली मागून घेऊन, ती पाठीला लावून फोटो काढायची एक पद्धत पडलीय. ती तुम्ही करणार नाही याची मला खात्री आहे. ज्या मुलीनं थंडीत कपबशा विसळल्यात, तिला कामाच्या जागी उभं कसं राहायचं ते कळतं.

या बायकांची एक गोष्ट सुनेला आवर्जून सांगा. सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला म्हणून मुन्नारच्या चहामजूर बायका रस्त्यावर बसल्या. मोठ्या युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. नऊ दिवस गावाचा रस्ता अडला, आणि बोनस परत मिळाला. त्यांच्या संघटनेचं नाव पोम्बिळै ओरुमै, म्हणजे बायकांची एकजूट. त्या ज्या ओळीनं बांधलेल्या बैठ्या घरांत राहतात त्यांना लायम म्हणतात. वाटेत लायम लागतील, दारात कपडे वाळत असतील. तिथं डोकावू नका. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री राजमलाजवळ पेट्टिमुडीला डोंगर खचला, असल्याच लायमांच्या ओळी गाडल्या गेल्या आणि ७० माणसं गेली, झोपेतच. आपण माळीण पाहिलंय, इर्शाळवाडी पाहिलीय. तो सह्याद्रीच आहे, तोच डोंगर खाली तिथवर गेलाय.

डोंगर एकच, याची एक सुखाची खूणही आहे. आपल्याकडे कारवी सात वर्षांनी फुलते ना, तिचीच बहीण तिकडे नीलकुरिंजी, ती बारा वर्षांनी फुलते. २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली, आता २०३० मध्ये. मळ्याच्या वर जिथं चहा संपतो आणि गवताळ माथा सुरू होतो, तिथं तिची झुडपं वाटाड्याकडून ओळखून घ्या. फुलं नसतील, पण पान हातात धरून बघा, कारवी पाहिलेली असेल तर ओळख पटेल. मळ्यात मधेमधे उभी सरळ, चंदेरी पाठीच्या पानांची झाडं सिल्व्हर ओकची. ती मूळची ऑस्ट्रेलियाची, सावलीसाठी लावलेली. सगळा मळाच खरं तर बाहेरून आणून लावलेला आहे. जॉन डॅनियल मन्रो यानं १८७७ मध्ये पूंजारच्या राजघराण्याकडून हे डोंगर घेतले, आणि १८८० च्या सुमारास ए. एच. शार्प यानं इथं पहिला चहा लावला. त्याआधी इथं शोला, म्हणजे डोंगरखाचेतलं सदाहरित जंगल, आणि गवत होतं. ओढ्याच्या खाचेत अजून त्या जंगलाचे तुकडे उरलेत, काळपट हिरवे, गच्च. हिरव्या-हिरव्यातला हा फरक एकदा दिसला की डोळे सारखे तोच शोधतात.

वडिलांचं पोतं आठवून एक जागा तुम्हाला मुद्दाम सुचवते, टॉप स्टेशन. मुन्नारपासून बत्तीसेक किलोमीटर, तमिळनाडूच्या हद्दीवर. सगळा दिवस गाडीत नको, पण घरचे तिकडे जाणार असतील तर दुपारनंतर तुम्हीही जा. स्टेशन हे नाव खरं आहे. आधी १९०२ मध्ये मुन्नारहून तिथवर एका रुळाची, बैलांनी ओढायची गाडी सुरू झाली, मग १९०८ ला छोटी रेल्वे आली. ती चहा वर टॉप स्टेशनला न्यायची. तिथून रोपवेनं खोक्यांमागून खोकी खाली कोट्टगुडीला, आणि तिथून तमिळनाडूतल्या बोडिनायक्कनूर गावाला. जुलै १९२४ च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली, पुन्हा बांधली नाही. तिकडे त्याला नव्व्याण्णवचा पूर म्हणतात, कारण मलयाळी सनाप्रमाणे ते १०९९ साल होतं. टॉप स्टेशनच्या कड्यावरून खाली तमिळनाडूचं मैदान दिसतं. चहा याच उतारावरून खाली जायचा.

आणि दुपारी सगळ्यांना घेऊन नल्लतण्णी इस्टेटमधल्या चहा संग्रहालयात जा. सोमवारी बंद असतं, त्यामुळे तुमचा मोकळा दिवस कुठला वार आहे ते आधी बघा. तिथं पान ते पावडर हा सगळा प्रवास दाखवतात. पान आधी वाऱ्यावर सुकवून मऊ करतात, मग दातेरी रुळांमधून दाबून, फाडून, गोळी करतात. तो हिरवा चोथा हवेत ठेवला की तुमच्या डोळ्यांदेखत तांब्याच्या रंगाचा होत जातो. तो रंग चढताना जो वास सुटतो, तो ओल्या गवताचा नसतो, तो चहाचा असतो. मग गरम हवेनं वाळवणं आणि चाळणं. चार-साडेचार किलो ओल्या पानाची एक किलो पावडर होते. चाळणीच्या अगदी शेवटी जी बारीक भुकटी पडते, तिला डस्ट म्हणतात. नाव ऐकून लोक नाक मुरडतात, पण लवकर रंग देणारी, उकळीला टिकणारी, थोडक्यात जास्त कप करणारी तीच. दिवसभर चहा विकणाऱ्याला तीच लागते. वडिलांच्या पोत्यात बहुधा हीच असणार.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. मळ्यात काही पुरू नका, फोटो ठेवून येऊ नका, फूल-नारळ नको. ती लोकांची कामाची जमीन आहे. तिथल्या दुकानातून एक किलो डस्ट घ्या, महागडी लांब पानांची नको, ती उकळून वाया जाते. वडिलांच्या गाड्यावर येणारे जे कुणी स्टँडजवळ अजून असतील, त्यांना एका सकाळी घरी बोलवा आणि वडील करायचे तसा चहा करा, आलं-साखरेचं प्रमाण तुम्हाला आठवतच असेल. फक्त पुडा बॅगेत जपून आणा. मुन्नारला सगळे वेलदोडे आणि मसाले घेतात, तुमच्याकडचेही घेतील. त्यांच्या शेजारी चहा ठेवू नका, साबणाजवळही नको. चहा दुसऱ्याचा वास लगेच ओढून घेतो. हवाबंद डबा घरूनच न्या.